एकच जुनं चित्र पाच वेळा काढा, मग गल्लीत जाऊन बसा

प्रश्न थोडक्यात असा आहे: वर्षभर परस्पेक्टिव्हचे, म्हणजे कागदावर जवळ-लांब दाखवायच्या पद्धतीचे, व्हिडिओ बघून झाले, एक बिंदू, दोन बिंदू (लांब जाणाऱ्या रेघा जिथे मिळतात ते) सगळं पाठ आहे, तरी जुन्या पेठेतली एखादी गल्ली काढायला घेतली की घरं बिस्किटाच्या पुड्यांसारखी दिसतात. कोणीतरी सल्ला दिला की मोठ्या चित्रकाराचं चित्र कॉपी कर. तर कुठलं चित्र घ्यायचं, कॉपी नेमकी कशी करायची, आणि त्याने स्वतःचा हात बिघडतो का?

मी तीसेक वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात हाताने परस्पेक्टिव्ह काढली, बोर्ड, टी-स्क्वेअर आणि रोटरिंग पेनचा जमाना होता तो, आणि आता रविवारी सकाळी शिकणाऱ्यांना घेऊन पुण्याच्या पेठांमध्ये बसतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जवळचा आहे, उत्तर लांब होईल.

आधी ते हात बिघडण्याचं. व्हेनिसची दृश्यं काढणारा कानालेत्तो तुम्हाला नावाने माहीत असेल, त्याच्या बहिणीचा मुलगा बर्नार्दो बेलोत्तो. हा पोरगा मामाच्या स्टुडिओत मामाची ड्रॉइंग्ज कॉपी करत शिकला, इतकी की त्या काळातली काही चित्रं मामाची की भाच्याची यावर जाणकारांमध्ये अजून वाद होतात. १७३८ साली, जेमतेम सोळा वर्षांचा असताना, व्हेनिसच्या चित्रकारांच्या संघात त्याचं नाव लागलं. १७४७ साली तो ड्रेस्डेनला गेला आणि पुढच्याच वर्षी एल्ब नदीच्या पलीकडच्या काठावरून त्या शहराचं जे चित्र काढलं ते बघा, पूल, घुमट, अजून परांची बांधलेला चर्चचा मनोरा, थंड करडा उजेड. मामाच्या व्हेनिसचा त्यात मागमूस नाही. शेवटी तो वॉर्सात स्थायिक झाला, तिथल्या रस्त्यांची चित्रं काढली, आणि दुसऱ्या महायुद्धात वॉर्सा जमीनदोस्त झाल्यावर जुनं शहर परत उभारताना जो पुरावा वापरला गेला त्यात बेलोत्तोची ती चित्रं होती. आज त्या जुन्या शहराचं नाव युनेस्कोच्या यादीत आहे. मामाचं कॉपी करून शिकलेल्या माणसाच्या चित्रांवरून एक शहर परत बांधलं गेलं, मला तर हे सांगताना अजूनही भरून येतं. तेव्हा ती भीती मनातून काढून टाका.

हात बिघडत नाही पण वेळ मात्र वाया जाऊ शकतो, तो माझा गेलाय. कॉलेजात असताना मी एका एन्ग्रेव्हिंगवर, म्हणजे कोरीव छापचित्रावर, चौकटी आखून, म्हणजे ग्रिड टाकून, तीन आठवडे खपून हुबेहूब नक्कल केली, एकेक रेघ मोजून. सगळ्यांनी कौतुक केलं. नंतरच्या रविवारी मुंबईत गिरगावातल्या खोताच्या वाडीत वही घेऊन बसलो आणि पहिलं घरसुद्धा उभं राहीना. कारण तीन आठवडे मी इमारत बघितलीच नव्हती, फक्त छोटे छोटे चौकोन बघितले होते. ग्रिडने चित्र मोठं करता येतं, भिंतीवर उतरवता येतं, पण गल्ली कशी बघायची हे त्याने कळत नाही, म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी ग्रिड वापरू देत नाही.

आता चित्र कुठलं. मी बहुतेकांना कानालेत्तोचं एकच देतो, इंग्रजीत त्याला द स्टोनमेसन्स यार्ड म्हणतात, आपण पाथरवटांचं अंगण म्हणूया. साधारण १७२५ चं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, १२४ बाय १६३ सेंटिमीटरचं तैलचित्र. गॅलरीच्या वेबसाइटवर खूप मोठं करून बघता येतं, विटेचा पोपडा दिसेपर्यंत. कानालेत्तो म्हटलं की लोकांना सणासुदीच्या नौका, राजवाडे, निळं आकाश आठवतं, ती नंतरची चित्रं, युरोपभर फिरायला निघालेल्या श्रीमंत इंग्रजांसाठी काढलेली, त्यात पट्टी जास्त आणि डोळा कमी असं माझं मत आहे. हे मात्र तरुणपणीचं आहे, अंगण ओबडधोबड, चर्चच्या दुरुस्तीसाठी आणलेले दगड पडलेत, लाकडी शेड ठोकलीये, पाथरवट बसून छिन्नी चालवतायत, वाळत घातलेले कपडे, खिडकीच्या कट्ट्यावर कोंबडा, डावीकडे एक लहान पोर पडलंय आणि त्याची आई धावतीये. मागे ग्रँड कॅनॉलची, म्हणजे व्हेनिसच्या मुख्य कालव्याची, एक पट्टी आणि पलीकडे सांता मारिया देला कारिता नावाचं चर्च, त्याचा उंच मनोरा. हे सगळं आपल्या कसबा पेठेत घडू शकतं, म्हणून हे चित्र आपल्याला शिकायला बरं पडतं. राजवाडे कॉपी करून वाडे काढता येत नाहीत.

तो मनोरा १७४४ साली कोसळला, आणि या अंगणाच्या बाजूने आता पलीकडे जायला लाकडी पूल आहे, त्यामुळे आज तिथे उभं राहून हे दृश्य दिसणार नाही. ते चर्च आणि त्याच्या शेजारच्या इमारती म्हणजेच आजची व्हेनिसची अकादेमिया गॅलरी, आणि कानालेत्तोची स्केचबुक, ज्यात त्याने होडीतून आणि काठावरून घरांच्या ओळीच्या ओळी पानामागून पान उतरवून घेतल्या, रंगांच्या खुणा अक्षरांनी लिहून ठेवल्या, ती त्याच गॅलरीत ठेवलेली आहे. त्या वहीतली पानं नेटवर मिळाली तर जरूर बघा, पेंटिंगपेक्षा ती जास्त शिकवतात, कारण तिथे खाडाखोड दिसते.

साहित्य जास्त लागत नाही. चित्राचा ए थ्री प्रिंट, बटर पेपरचा (आरपार दिसणाऱ्या कागदाचा) रोल, कार्ट्रिज पेपर म्हणजे ड्रॉइंगचा जाड कागद, एचबी आणि ४बी पेन्सिल, एक काळं पेन. कागदावर चौकट आधी चित्राच्याच प्रमाणात आखा, ३२ सेंटिमीटर रुंद घेतली तर उंची २४.३ येते. हे टाळू नका, चौकट चुकली की पुढचं सगळं चुकतं आणि माणूस आठवडाभर मनोऱ्याला दोष देत बसतो.

पहिल्या दिवशी पेन्सिल हातात घ्यायचीच नाही. वीस मिनिटं नुसतं बघायचं आणि लिहायचं, मराठीत, साध्या वाक्यांत. उजेड कुठून येतोय, सगळ्यात काळी जागा कुठे आहे, सगळ्यात उजळ कुठे, डोळा आधी कुठे जातो आणि मग कुठे. हे लिहून घेतल्याशिवाय मी कोणाला पुढे जाऊ देत नाही, कारण हात चालू झाला की डोळा सुट्टीवर जातो.

मग पहिलं ड्रॉइंग, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. प्रिंटवर बटर पेपर ठेवायचा आणि फक्त आडव्या रेघा शोधायच्या, म्हणजे छपराच्या कडा, खिडक्यांच्या ओळींची वरची खालची बाजू, भिंतीतले पट्टे. प्रत्येक रेघ पट्टीने लांब ओढा. डोळ्याच्या वरच्या रेघा लांब जाताना खाली उतरतात, डोळ्याखालच्या वर चढतात, आणि मधे कुठेतरी एक उंची अशी असते जिथे रेघ सपाटच राहते. ती आय लेव्हल, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्याची पातळी. ती लाल पेन्सिलने पूर्ण चित्रभर ओढा. इथे तुम्हाला कळेल की आपण अंगणात उभे नाही आहोत, किंचित वरून, जणू माडीच्या खिडकीतून बघतोय, म्हणूनच जमिनीवरचे दगड एकामागे एक पसरलेले दिसतात, एकमेकांना झाकत नाहीत. हा त्याचा पहिला निर्णय, आणि तो तुम्ही हाताने पकडला.

आता तुमच्या बिस्किटाच्या पुड्यांचं औषध इथेच आहे. त्या लांब ओढलेल्या रेघा एकाच बिंदूत मिळतात का बघा. नाही मिळत. समोरच्या घराच्या एका ठिकाणी, बाजूच्या भिंतीच्या दुसरीकडे, शेडच्या आणखी कुठेतरी, काहींचे बिंदू तर कागदाच्या बाहेर टेबलावर जातात. व्हिडिओत शिकवतात ते एक बिंदू दोन बिंदू म्हणजे काटकोनात आखलेलं शहर, चंदीगडसारखं. व्हेनिसचं काय किंवा शनिवार-कसबा पेठेचं काय, घरं शेकडो वर्षं एकमेकांना रेटत उभी राहिलेली असतात, कोणतीच दोन समांतर नसतात. त्यामुळे प्रत्येक घराचे बिंदू वेगळे. पण जमीन सपाट असेल आणि भिंती ओळंब्यात असतील तर ते सगळे बिंदू एकाच आय लेव्हलवर येऊन बसतात. एवढं एक वाक्य मला शिकत असताना कोणी सांगितलं असतं तर माझी दोन वर्षं वाचली असती. तुम्ही सगळ्या घरांना एकाच बिंदूकडे ओढत होतात, म्हणून ती पुड्यांच्या चळतीसारखी दिसत होती.

दुसरं ड्रॉइंग पोस्टकार्डएवढं, आणि त्यात रेघच नाही. फक्त तीन टोन: कोरा कागद, मधला करडा, काळा. डोळे अर्धे मिटून चित्र बघायचं आणि छटा मोठ्या तुकड्यांत भरायच्या, खिडकी नाही, माणूस नाही, कोंबडा तर अजिबात नाही. पंधरा मिनिटांत संपवायचं आणि असे निदान चार करायचे. यातून कळतं की त्याने सावल्या सुट्या सुट्या ठेवलेल्याच नाहीत, एका घराची सावली जमिनीवर येते, तिथून शेडच्या अंधारात शिरते आणि पुढे निघते. नवशिके प्रत्येक घराला स्वतःची वेगळी सावली देतात, त्यामुळे दहा घरं दिसतात पण गल्ली दिसत नाही. सावली एका घरावरून दुसऱ्यावर गेली की ती घरं शेजारी होतात.

तिसरं ड्रॉइंग म्हणजे ज्याला लोक कॉपी म्हणतात ते, आणि इथे मी थोडा वेगळा वागतो, पूर्ण चित्र करायला देत नाही. मधला पट्टा घ्या, पलीकडचं चर्च, मनोरा आणि त्याच्या आजूबाजूची घरं. पेन्सिलने पट्टी वापरून हलका सांगाडा, मग पेन मोकळ्या हाताने. हे मी मनचं सांगत नाही, ब्रिटनच्या राजघराण्याच्या संग्रहात कानालेत्तोची शंभराहून जास्त ड्रॉइंग्ज आहेत आणि त्यांत शाईखाली पट्टीने ओढलेल्या पेन्सिलच्या रेघा सापडतात, वर शाई मात्र हाताची, जरा थरथरती. थरथरती म्हणजे मुद्दाम वाकडी नव्हे, विटेच्या जुन्या भिंतीची कड असते तशी. नुसती पट्टी वापरली तर इमारत काल बांधल्यासारखी वाटते, नुसता हात वापरला तर पडायला आल्यासारखी. जाता जाता, त्याने कॅमेरा ऑब्स्क्युरा, म्हणजे भिंगाची पेटी, वापरून चित्रं ट्रेस केली असं सर्रास सांगितलं जातं, ते ऐकून कोणी ट्रेसिंगचं समर्थन करू नका. पेटीतून जे दिसतं त्याच्यापेक्षा त्याची चित्रं कितीतरी रुंद आहेत, दोन तीन जागांवरून बघितलेलं त्याने एकात सांधलंय.

खिडक्यांबद्दल जरा थांबतो. ९० टक्के लोक खिडकी म्हणजे चौकट काढतात, मग आत आणखी एक चौकट, मग गज, आणि चाळीस खिडक्या झाल्या की चित्र जाळीसारखं होतं. खिडकी म्हणजे भिंतीतलं भोक असं धरा. आधी फक्त आतला अंधार भरा. मग भिंतीची जाडी दाखवा, आणि ती एकाच बाजूची दिसते हे विसरू नका, तुम्ही भिंतीच्या डावीकडे उभे असाल तर प्रत्येक खिडकीची उजवीकडची आतली बाजू दिसणार. वर कडेला सावली जरा जास्त गडद. जवळच्या दोन खिडक्या एवढ्या नीट केल्या की लांबच्या दहा नुसत्या ठिपक्यांनी चालतात, डोळा बाकीचं आपोआप भरून घेतो. कानालेत्तोच्या लांबच्या घरांवर झूम करून बघा, जवळून ते नुसते फटकारे आहेत, दोन पावलं मागे गेलं की खिडक्या होतात. लांबच्या छपरांची रेघ बारीक आणि फिकट, जवळच्या वळचणीची जाड, हेही इथेच हातात बसवून घ्यायचं.

चौथं ड्रॉइंग माणसांचं. यात एक छोटा हिशोब आहे तो आवडेल तुम्हाला. पायांपासून आय लेव्हलपर्यंतचं अंतर म्हणजे तुमच्या डोळ्याची जमिनीपासूनची उंची, माणूस चित्रात कुठेही उभा असो. समजा तुम्ही माडीवरून बघताय, डोळा साडेचार मीटरवर, माणूस दीड मीटरचा. मग जवळचा असो की लांबचा, प्रत्येक माणूस त्याच्या पायांपासून आय लेव्हलपर्यंतच्या अंतराचा एक तृतीयांश. तेच तुम्ही रस्त्यावर उभे असाल तर सगळ्यांची डोकी साधारण आय लेव्हललाच येतात, लांबच्या माणसाचे फक्त पाय वर सरकतात. प्रिंटवर बटर पेपर ठेवून पाथरवटांवर हे मोजून बघा, जे वाकलेत बसलेत ते अंदाजाने. माणूस बरोबर बसला की दाराची उंची बरोबर बसते, दार बसलं की मजला बसतो, मग मनोऱ्याची उंची सांगावी लागत नाही. माणसं शोभेसाठी शेवटी टाकायची वस्तू नाही, माझ्या लेखी ती मोजपट्टी आहे, आणि ती पडलेल्या पोराकडे धावणारी आई मोजपट्टी असूनही जिवंत आहे, म्हणून हे चित्र मी इतकी वर्षं बघतोय तरी कंटाळा येत नाही.

पाचवं ड्रॉइंग दुसऱ्या दिवशी, प्रिंट कपाटात ठेवून, आठवणीतून. लोक हेच टाळतात आणि शिकण्याचं अर्धं काम इथे होतं. आय लेव्हल ओढा, मोठे काळे तुकडे टाका, मनोरा उभा करा, आणि जिथे अडाल तिथे अंदाजाने न भरता कागद कोरा सोडा. मग प्रिंट काढून शेजारी ठेवा. जे कोरं राहिलं ते तुम्ही आधी बघितलंच नव्हतं. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने चार दिवस काम केलं होतं आणि आठवणीत तिला पाण्याची पट्टीच आली नाही, चर्च थेट अंगणाला चिकटलं. त्यामुळे तिला कळलं की ती उजळ पट्टी पुढचा आणि मागचा भाग वेगळा करते, तिच्याशिवाय चित्राला खोलीच नाही. हे मी दहा वेळा सांगून कळलं नसतं.

कॉपीवर खाली स्वच्छ लिहा, कानालेत्तोवरून, आणि तारीख. चित्रकार १७६८ साली गेला, हक्काचा प्रश्न नाही, पण पुढे वही कोणाला दाखवलीत तर काय आपलं आणि काय शिकण्यासाठी घेतलेलं हे दिसलं पाहिजे.

एवढं झाल्यावर सहावं, आणि ते घरी बसून करायचं नाही. त्याच सांगाड्यावर बसेल अशी स्वतःची जागा शोधायची. पुढे कामाची गडबड असलेली मोकळी जागा, मधे पाण्याची किंवा रस्त्याची उजळ पट्टी, मागे एक उंच काहीतरी, आणि तुम्ही किंचित वरच्या पातळीवर. पुण्यात मंडईच्या आजूबाजूला अशा जागा मिळतात, एखाद्या ओळखीच्या घरी पहिल्या मजल्याची खिडकी मागून घ्या, लोक देतात. विश्रामबागवाड्यासमोर बसलात तर नुसते सुरूचे खांब काढत बसाल आणि गल्ली राहून जाईल, त्याला नंतर जा.

मला स्वतःला यासाठी सगळ्यात आवडतं ते वाई. कृष्णेच्या पलीकडच्या काठावर बसायचं, समोर घाट, मधे पाणी, ढोल्या गणपतीचं शिखर मनोऱ्याच्या जागी, आणि घाटावर कपडे धुणाऱ्या बाया म्हणजे तुमचे पाथरवट. तिथे एक गोष्ट कॉपीत नव्हती ती भेटते, पायऱ्या. पायऱ्यांच्या प्रत्येक कडेची रेघ आडवीच असते, म्हणून त्यांचे बिंदूही आय लेव्हलवरच, पण पायऱ्यांच्या टोकांना जोडणारी तिरकी रेघ मात्र चढती असते, तिचा बिंदू आय लेव्हलच्या वर जातो. पहिल्या दिवशी आख्खा घाट घेऊ नका, सात आठ पायऱ्या आणि मागचं एक देऊळ पुरे. सावली पाण्याकडून वर कशी चढते ते आधी पोस्टकार्डावर तीन टोनमध्ये टिपून ठेवा, कारण तासाभरात ती हललेली असते आणि मग तुम्ही दोन वेगळ्या वेळांच्या सावल्या एकाच चित्रात काढता. सकाळी साडेसातच्या आत पोचा, प्रिंट सोबत नेऊ नका, पण तुमचं ते आठवणीतलं पाचवं ड्रॉइंग मात्र वहीत ठेवा, अडलात की ते उघडून बघा.